बिनखात्याचे मंत्री

लोकशाहीचे बाळकडू शाळेतच पाजले पाहिजे, या सिद्धान्ताविषयी विद्वानांत आता मतभेद उरलेला नाही. उरला असेल तर तो केवळ मात्रेविषयी. विदर्भातील शाळा उन्हाच्या धाकाने उर्वरित महाराष्ट्रामागून भरतात, आणि वह्यापुस्तकांना कव्हरे घालून होतात न होतात तोच आमच्या ढाणकीत शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीची धामधूम सुरू होते. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ आणि पलीकडे मराठवाडा, अशा सरहद्दीच्या तालुक्यात आमचा मुक्काम असल्यामुळे राजकारणाचे वारे आम्हांस दोन्ही बाजूंनी लागते. त्यात ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आल्यापासून तर पोरासोरांनाही ‘प्रभाग’ आणि ‘स्वीकृत सदस्य’ हे शब्द पाढ्यांच्या आधी पाठ होऊ लागले आहेत.

गावातील एका शाळेने या निवडणुकीस तटस्थ निरीक्षक म्हणून मला पाचारण केले, यामागे माझ्या निःपक्षपातीपणापेक्षा माझ्या रिकामपणाचा लौकिक अधिक कारणीभूत असावा. मतदान मोबाईलवर होते. बटण दाबताच तो खऱ्या मतदानयंत्राप्रमाणे लांबलचक शीळ घाली, आणि त्या शिळेच्या मोहाने नववीतील काही मतदार पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले, तेव्हा बोटाला शाई लावण्याची तजवीज ज्याने प्रथम केली त्याच्या दूरदृष्टीस मी मनोमन वंदन केले.

निकालानंतर खातेवाटप झाले. राज्यघटनेच्या ९१व्या दुरुस्तीने २००३ साली मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर आणून ठेवली, त्यामुळे २८८ आमदारांच्या महाराष्ट्रातही त्रेचाळीसांहून अधिक मंत्री करता येत नाहीत. परंतु हे कलम शाळांस लागू नसल्यामुळे येथे सहलमंत्री, फलकमंत्री आणि हरवले-सापडले मंत्री अशी खाती निघून कोणाही होतकरू मुलाच्या पालकांस नाराज करण्याचा प्रसंग आला नाही. अर्थखाते तेवढे मुख्याध्यापकांनी स्वतःकडे ठेवले. खिचडी वाढण्यापूर्वी शाळेत कोणीतरी तिची चव घेतली पाहिजे असा सरकारी दंडक आहे. तो पाळताना शिक्षकांस साहाय्य करण्याचे काम आठवीतील आहारमंत्र्याने पहिल्याच दिवशी इतक्या निष्ठेने केले, की त्याचा अनुकूल अभिप्राय ताट रिकामे झाल्यावरच ऐकावयास मिळाला.

मंत्रिमंडळापुढे आलेला पहिला गंभीर मामला गाजरगवताचा होता. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले, आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर या देशात शिरले असे सांगितले जाणारे हे परदेशी पाहुणे पावसाची एक सर पडताच क्रीडांगणाचा ताबा घेते, त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, आणि एकेक रोप हजारोंनी बी सोडीत असल्यामुळे ते फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावे लागते. हे शेवटचे तत्त्व पर्यावरणमंत्र्याने सभेत तोंडपाठ म्हणून दाखविले. त्यावर उपटणार कोण, असा प्रश्न निघताच त्याने अशी कैफियत मांडली, की उभे गवत हे पर्यावरण असले तरी उपटलेले गवत हा कचरा होय, सबब हे काम स्वच्छताखात्याचे आहे. स्वच्छतामंत्र्याचे म्हणणे असे पडले, की गवत जोवर उभे आहे तोवर तो कचरा नव्हे, सबब आपल्या खात्यास अद्याप अधिकारच उत्पन्न झालेला नाही. क्रीडामंत्र्याने मैदान आपले असल्याचे मान्य केले, परंतु गवत आपले असल्याचे नाकारले. तासभर खल होऊन सभा तहकूब झाली, आणि पुढील सभेपर्यंत गवताला कळ्या आल्या. हे सारे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांस कोणी शिकविले, याचा मी पुष्कळ विचार केला. अभ्यासक्रमात तर हा धडा कोठेच नाही.

ज्या वऱ्हाडात गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरत, दिवसभर रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत, त्या वऱ्हाडाच्या पोटी हे मंत्रिमंडळ जन्मास यावे हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे. बाबांनी आयुष्यभर खराटा चालविला, पण १९५६ साली देह ठेवीपर्यंत कोणतेही खाते स्वीकारल्याचे ऐकिवात नाही. साताऱ्यात १९४० साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले, तेथील मुले श्रम करून शिकली. त्यांचाही शपथविधी झाल्याचे वाचनात नाही.

गवत अखेर उपटले गेले, ते शाळा सुटल्यावर. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुली एस.टी.ची वाट पाहत मैदानाच्या कडेला उभ्या असतात, आणि ढाणकीची एस.टी. वाट पाहणाऱ्यांस पुष्कळ अवकाश देते. मुख्यमंत्रिपदाच्या निवडणुकीत पडलेली दहावीची एक मुलगी त्यांत होती. तिने मैत्रिणींच्या हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढविल्या, तोंडाला ओढण्या बांधावयास लावल्या, धाकट्यांना कडेची कोवळी रोपे आणि थोरल्यांना मधली दांडगी रोपे अशी वाटणी केली, आणि गाडी येईपर्यंत रोजचा एक पट्टा साफ करण्याचा क्रम घालून दिला. मी निरीक्षकाच्या अधिकाराने विचारले, “पोरी, हे काम तर मंत्र्यांचं ना?”

“त्यांच्या मीटिंगा हायेत, काका,” ती मान वर न करता म्हणाली. “माझी शपथ घ्यायची राहून गेली, म्हणून हात रिकामे हायेत.”

त्यानंतर घडले ते राज्यकारभाराच्या रीतीस धरूनच घडले. मैदान स्वच्छ दिसू लागताच त्यावर एकाच वेळी तीन खात्यांनी हक्क सांगितला; उपटलेल्या ढिगाऱ्याशेजारी सर्व मंत्र्यांचे छायाचित्र निघाले, ज्यात गवत मुलींपेक्षा अधिक ठळकपणे आले, कारण मुली एस.टी.ने गेल्या होत्या. आणि वार्षिक अहवालात ‘मंत्रिमंडळाच्या अथक परिश्रमांनी’ अशी नोंद पडली. मुख्याध्यापकांनी त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारला. अनुभवी माणूस; काय पाहिले ते लिहिले नाही.

निरीक्षकाने अहवाल द्यावा असा प्रघात असल्यामुळे मीही एक तजवीज लिहून दफ्तरी दाखल केली आहे. खातेवाटप जुलैत न करता एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर करावे. वर्षभर ज्याने पाणी भरले त्यास शेवटी पाणीमंत्री म्हणावे, ज्याने गवत उपटले त्यास पर्यावरणमंत्री म्हणावे, आणि ज्याने काहीच केले नाही त्यास पुढील वर्षाचा निरीक्षक नेमावे. या योजनेत वर्षभर शाळा मंत्र्यांवाचून चालवावी लागेल, असा आक्षेप एका शिक्षकांनी घेतला. पण गाजरगवताच्या प्रकरणी ती तशीच चालली होती, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. तजवीज सध्या विचाराधीन असून, ती कोणत्या खात्याकडे पाठवावी याविषयी मंत्रिमंडळात खल सुरू आहे.