हॉर्न ओके, लाइट प्लीज

गाडीत बसल्या जागेवरून घरातला दिवा लावता येतो, ही बातमी आमच्या नागपूरच्या लेआउटमध्ये अमेरिकेतल्या एका जावयाकडून आली. डिसेंबरातल्या उन्हात, सासऱ्यांच्या अंगणात खुर्ची टाकून संत्रं सोलता सोलता ते म्हणाले, की तिकडे गाडीच्या आरशाला तीन बटणं असतात. एक दाबलं की गॅरेजचं दार उघडतं, दुसरं दाबलं की हॉलमधला दिवा लागतो.

"आणि तिसरं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिसरं रिकामंच आहे."

सासऱ्यांची खात्री पटली. तीनातलं एक बिनकामाचं आहे, म्हणजे वस्तू खरी असणार.

खरीच आहे. होमलिंक तिचं नाव. मिशिगनमधल्या हॉलंड नावाच्या गावी प्रिन्स नावाची कंपनी होती. सनव्हायझरमागे आरसा आणि आरशाला दिवा बसवून तिने आधी नाव काढलं होतं. ऊन अडवायच्या फळीत लिपस्टिक लावायची सोय ज्यांनी केली, त्यांनीच पुढे घर उघडायची बटणं केली. १९९६ साली ही कंपनी जॉन्सन कंट्रोल्सने घेतली आणि २०१३ साली जेंटेक्सने होमलिंक सुमारे ७० कोटी डॉलरला विकत घेतलं. आकडा ऐकून सासऱ्यांनी संत्र्याची फोड खाली ठेवली. महाल भागातल्या दुकानात आठ बटणांचा अख्खा बोर्ड फॅनच्या रेग्युलेटरसकट काय भावाने मिळतो, ते त्यांनी जावयाला तिथल्या तिथे सांगितलं.

ही बटणं जन्मतः अडाणी असतात. गॅरेजचा रिमोट त्यांच्या तोंडाशी धरायचा, दोन्हीकडची बटणं एकदम दाबून ठेवायची, मग ती त्याची रेडिओलहर ऐकून पाठ करतात. दिव्यासाठी भिंतीच्या सॉकेटमध्ये एक रिसीव्हर लावावा लागतो. नव्या रिमोटचा कोड चोराच्या भीतीने दरवेळी बदलतो. म्हणून शिडीवर चढून गॅरेजच्या मोटरवरचं बटण दाबायचं आणि अर्ध्या मिनिटात धावत येऊन गाडीत बसायचं. दिवा लावायला उठावं लागू नये म्हणून काढलेल्या यंत्रासाठी माणसाला एवढं पळवणं फक्त अमेरिकेलाच जमतं.

आमचा लेआउट गुंठेवारीतला. १५०० फुटांच्या प्लॉटवर गाडीची जागा असते ती नकाशात. नकाशाचं काम झालं की तिथे भाडेकरूची खोली निघते आणि गाडी बाहेर कडुनिंबाखाली जाते. पण म्हणून आमच्याकडे रिमोट नाही असं कुणी समजू नये. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की एक लांब, दोन आखूड हॉर्न वाजतात. आत कुकरपाशी उभी असलेली बाई गॅस बारीक करते, ओले हात पदराला पुसते, पोर्चमधला दिवा लावते, कुत्र्याला आवरते, फाटकाची कडी काढते आणि पिशवी घ्यायला हात पुढे करते. हे सगळं एका बटणात. प्रत्येक घराचा कोड निराळा, त्यामुळे शेजारच्याच्या हॉर्नला आपलं फाटक उघडत नाही. रिसीव्हरला सेल लागत नाहीत. लाइन गेलेली असली तर तो इमर्जन्सी लाइट घेऊन फाटकाशी हजर होतो. उशीर झाला तर "आले का एकदाचे?" अशी बोलकी सूचनाही मिळते. होमलिंकमध्ये ही सोय अजून नाही.

सासूबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, "जावईबापू, घरातून गाडीला बोलवायचं बटण नसते का जी?"

जावई खुलले. ते तर भारतातसुद्धा आहे म्हणाले. २०१९ साली व्हेन्यू आणि हेक्टर बाजारात आल्या तेव्हापासून इंटरनेटवाल्या गाड्या इथे सर्रास मिळतात. फोनवर गाडीचा एसी लावता येतो, गाडी कुठे उभी आहे ते नकाशावर दिसतं, ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली तर फोन वाजतो.

"म्हणजे शंकरनगर चौकात पानठेल्यावर उभी असली तरी दिसन?"

"दिसेल ना आई."

सासऱ्यांचा तंत्रज्ञानातला रस तिथे संपला. आपलं जुनं आहे तेच बरं, तिकडचं हवामान वेगळं, असं म्हणत त्यांनी विषय संत्र्याच्या भावाकडे वळवला.

जुनं टिकेल याचीही खात्री नाही म्हणा. ट्रकमागचं "हॉर्न ओके प्लीज" राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंद केलं. केंद्रातले परिवहन मंत्री गडकरी साहेब नागपुरात अकराव्या मजल्यावर राहत होते. सकाळच्या प्राणायामात खालचे हॉर्न व्यत्यय आणतात, असं त्यांनी २०२१ साली जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं. हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन असे आवाज यावेत असा कायदा करायचं त्यांच्या मनात आहे. कल्पना सुरेल आहे. पण गल्लीच्या तोंडाशी बासरी वाजली तर आतल्या बाईला वाटणार, भाडेकरूने रेडिओ लावला. फाटक उघडायचं कुणी?

बटण अमेरिकन असो की देशी, पलीकडे तारेत वीज लागतेच. त्या बाबतीत आम्ही श्रीमंत आहोत. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच उशालाच आहेत, त्यांच्या चिमण्या आम्हाला गच्चीवरून दिसतात. वीज तारेने दूरदूर जाते, राख मात्र आपलं गाव सोडत नाही. मे महिन्यात सगळ्या गल्लीचे कूलर एकदम सुरू झाले की डीपी उडते, आणि मग एकच रिमोट चालतो, तो म्हणजे लाइनमन भाऊचा मोबाइल नंबर. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनियरांनी मध्यंतरी सुचवलं होतं, की बटणबिटण नको, अंधार पडला की आपोआप लागतील असे सेन्सर बसवू. तेवढ्यात २०२४ चा मे संपत आला आणि नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्याने खुलासा केला, की सेन्सर बिघडला होता. नागपुरात ऊन मोजताना सेन्सरलाच ऊन लागतं, हे पाहून इंजिनियर साहेबांनी सूचना मागे घेतली.

गाडीवरून घरातले दिवे लावायची खरी यंत्रणा पाहायची असेल तर सिव्हिल लाइन्सला जावं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ठरलं, की सरकारने वर्षातून काही काळ नागपुरात येऊन राहायचं आणि एक अधिवेशन इथे भरवायचं. त्या करारामुळे रामगिरी, देवगिरी, रवी भवन, नाग भवन या मंत्र्यांच्या निवासांना दर डिसेंबरात पालवी फुटते. रंग लागतो, पडदे बदलतात, गिझर गरम होतात. गणपतीपासून मेलेले रस्त्यावरचे दिवे जिवंत होतात, खड्डे बुजतात, दुभाजक पिवळे-काळे होऊन कवायतीला उभे राहतात. अजून एकही गाडी आलेली नसते! होमलिंकची लहर फार तर अंगण ओलांडते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. गाडी तिकडे मुंबईकडच्या टोकाला, आमण्याला असते आणि इकडे रवी भवनाच्या व्हरांड्यात दिवा लागतो. मंत्री विमानाने येतात हे मान्य, पण विमानतळावरून ताफा लागतोच की.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. त्या वेळी केंद्रात परिवहन मंत्री आमच्याच गावचे. टपावरचा दिवा उतरला तरी रेंज तसूभर कमी झाली नाही. उलट २०२० साली कोरोनामुळे आणि २०२१ साली मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीमुळे अधिवेशन मुंबईतच उरकलं, तेव्हा यंत्रणेचं मर्म आम्हाला कळलं. गाड्या आल्या नाहीत, दिवेही आले नाहीत. पुढच्या डिसेंबरात ताफे आले आणि सगळं मागल्यासारखं लखलखलं.

अडचण एवढीच की आमचा लेआउट या रेंजच्या बाहेर पडतो. कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा पावसाळ्यात गेला, तो गेलाच. अर्ज दिला, दुसरा अर्ज दिला, मग पहिल्या अर्जाची पोच मिळाली. शेवटी लेआउटच्या समितीने मारुतीच्या देवळात बैठक घेतली. इंजिनियर साहेब म्हणाले, लहर आपल्यापर्यंत पोचत नाही तर गाडीच इकडे वळवली पाहिजे. तेव्हा अधिवेशनाच्या काळात एखाद्या मंत्र्याला आपल्या गल्लीत लग्नाचं आमंत्रण द्यावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मंत्री लग्नाला नाही म्हणत नाहीत, हा सर्वपक्षीय अनुभव आहे. मांडवाचा खर्च वर्गणीतून, रस्ता आणि दिवा ताफ्याच्या पुण्याईने.

आता फक्त लग्न हवं. गल्लीत दोन पोट्टे लग्नाचे आहेत. त्यातल्या एकाचं जवळजवळ जमलंही होतं. मुलीकडची माणसं संध्याकाळी घर पाहायला आली होती, पण कोपऱ्यावर अंधार असल्याने त्यांना घराचा नंबर दिसला नाही आणि ती परत गेली.