घरमालक काकांना खुलं पत्र

तीर्थस्वरूप काका,


पत्र उघड लिहितो आहे, कारण खाजगीत आपण सापडत नाही. टोकनचे पैसे हातात पडेपर्यंत आपण पहिल्या रिंगला फोन उचलत होता. बाथरूमचं छत गळतंय असं कळवल्यापासून मात्र आपण सतत मीटिंगमध्ये असता. निवृत्त माणसाला एवढ्या मीटिंगा असतात हे पाहून म्हातारपणाची माझी काळजी मिटली.

आधी आभार. मालाडमध्ये, स्टेशनपासून 'पाच मिनिटांवर' (ही मिनिटं एजंटची, रिक्षावाल्याला ती मान्य नाहीत) आपण मला घर दिलंत. त्याआधी माझं आडनाव, गाव, पगार आणि लग्नाचा बेत यांची चौकशी झाली. 'खाण्यापिण्याचं कसं?' यावर मी 'बुधवार, शुक्रवार, रविवार' म्हणालो आणि आपला चेहरा उतरला. 'आमचं काही नाही हो, सोसायटीला चालत नाही.' सेक्रेटरींना भेटलो, तर ते म्हणाले, 'आमचं काही नाही, मालकांना आवडत नाही.' कोणाचंच काही नसताना माझे बोंबील अडले. फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते, असं आदर्श उपविधी सांगतात. पण ते सेक्रेटरींना कोण सांगणार? मी तर नाहीच. मला लिफ्ट वापरायची होती.

ती तशीही मिळाली नाही. सामान रविवारी आणायचं नाही, दुपारी एक ते चार आणायचं नाही, आणि आणलंच तर लिफ्टमधून न्यायचं नाही, हे टेम्पो गेटवर आल्यावर वॉचमनने सांगितलं. फ्रिज चौथ्या मजल्यावर पाठीवरून चढला. हमालांनी मजल्यामागे वेगळे पैसे घेतले, सोसायटीने 'शिफ्टिंग चार्जेस' घेतले. जिना झिजल्याचे असावेत.

फ्लॅट 'सेमी-फर्निश्ड' होता, ते खरंच आहे. दोन ट्यूबलाइट, एक गिझर आणि भिंतभर शोकेस, तिच्यात आपल्या चिरंजीवांची शाळेतली पदकं. बेडरूममधल्या दोन कपाटांपैकी एकाला कुलूप. 'आमचं थोडं सामान आहे, राहू दे.' माळ्यावर आपली इडलीची भांडी, गणपतीचं मखर आणि सुटकेसा. बाल्कनीत सायकल. हॉलमध्ये आपल्या सासऱ्यांची हार घातलेली तसबीर, 'काढू नका, हिला वाईट वाटेल' या अटीसह. काढली नाही. सासरे दिवसभर माझ्याकडे बघतात. भाडं मी पूर्ण चौरस फुटांचं देतो, राहतो मात्र उरलेल्या जागेत.

आता मुद्द्याचं. आपली भीती मला कळते, आणि ती खोटी नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरगाव-लालबागच्या खोल्यांची भाडी वीजबिलापेक्षा खाली राहिली, मालकांनी दुरुस्तीचा नाद सोडला, आणि पागडीत बसलेला भाडेकरू उठेना. अशी चाळ ज्याने घरात पाहिली, त्याने नव्या भाडेकरूकडे संशयाने बघावं हे स्वाभाविकच. पण काका, तो कायदा गेला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार लीव्ह अँड लायसेन्सची मुदत संपूनही मी हललो नाही, तर सक्षम प्राधिकारी मला बाहेर काढतात, वर लायसेन्स फीच्या दुप्पट नुकसानभरपाईही लावतात. एवढी ढाल हातात असताना आपण अजून त्या चाळीच्या जिन्यातच उभे आहात, आणि त्या भीतीचं बिल माझ्याकडे पाठवता आहात.

आपल्या कराराचे अकरा महिनेच घ्या. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ती चुकवायला देशभर अकरा महिन्यांचा रिवाज पडला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, नोंदणी करायलाच लावली. ती जबाबदारीही मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. म्हणजे अकरा महिन्यांनी आपली नोंदणी सुटत नाही. दरवर्षी नव्याने नोंदणी फी, नव्याने अंगठे, आणि एजंटला 'रिन्यूअल'ची दलाली. या सगळ्या व्यवहारात हसताना मी फक्त त्यालाच पाहिलंय.

अनामत रकमेबद्दल विचारलं, तर आपण म्हणालात, 'ती काय, नुसती पडून असते.' सरकारला तसं वाटत नाही. मुद्रांक शुल्क काढताना परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक दहा टक्के व्याज धरतात आणि ते भाड्यात मिळवून शुल्क लावतात. ते शुल्क मी भरलं. व्याज आपल्याकडे पडून आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याच्या वर नेऊ नये असं म्हटलंय, पण तो फक्त नमुना आहे, आणि आपल्याला नमुन्यांची आवड नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते त्या बिनभोगवटा शुल्काचंही तसंच. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि ते लागतं सभासदाला. आपण ते भाड्यात इतक्या प्रेमाने मिसळलंत, की मला आधी पाणीपट्टीच वाटली.

तर विनंती अशी. तीन वर्षांचा एकच करार करू, दरसाल पाच टक्के वाढ लिहून देतो, आपल्याला एजंट नको आणि मला दर उन्हाळ्यात टेम्पो नको. अनामतीतले थोडे पैसे छतावर खर्च करा. गळणारं पाणी वरच्या पारेख काकूंच्या बाथरूमचं आहे, त्या म्हणतात, मालकांनी येऊन बोलावं, भाडेकरूशी त्या बोलत नाहीत.

आपला,
लायसेन्सी (मुदत चालू)

ता. क. पोलीस पडताळणीसाठी आपण माझा फोटो, आधार, ऑफिसचा पत्ता आणि ओळखीच्या दोघांचे नंबर घेतलेत, ते योग्यच. कुलूपबंद कपाटातून रात्री खुडबुड ऐकू येते. आत जे कोणी राहतं, त्यांची पडताळणी झाली आहे का, आणि भाडं ते किती देतात, एवढं कळवावं.