पाठीवर बिऱ्हाड, खिशात पास

युरेल हा युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ साली निघालेला रेल्वेचा पास. सत्तावीस वर्षांपर्यंतच्यांना तो तरुण म्हणून सवलतीत मिळतो, साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ म्हणून. मधल्यांनी पूर्ण पैसे भरायचे आणि गुडघेही स्वतःचेच वापरायचे. आम्ही चौघं मधले: नाना, डॉक्टर, सीए आणि मी.

दक्षिण युरोप ही नानाची कल्पना. स्वित्झर्लंडला डोंबिवलीतली अर्धी सोसायटी जाऊन आली आहे, शिवाय तिथली गाडी म्हणे मिनिटाच्या ठोक्याला येते. त्यात कसलं आलंय साहस, असं त्याचं म्हणणं. पन्नाशीनंतर माणसं कीर्तनाला लागतात, नाना वेळापत्रकांना लागला. सॅक पाठीवर टाकायची, हॉस्टेलात उतरायचं, कुणाच्या झेंड्यामागे चालायचं नाही, असं ठरलं. डॉक्टरने प्रत्येकी दहा किलोची मर्यादा घातली. नानाचे निम्मे किलो भडंग, मेतकूट आणि ठेच्याच्या बरणीत संपले, म्हणून त्याचे कपडे सीएच्या सॅकमध्ये गेले.

बार्सिलोनाहून साध्या गाडीने पोर्टबूला आलो. स्पेनचं हे सीमेवरचं स्टेशन. आम्ही समुद्र शोधत होतो, नाना रूळ. स्पेनचे जुने रूळ रुंद, १६६८ मिलीमीटरचे. आपला ब्रॉडगेज १६७६. पलीकडे फ्रान्समध्ये १४३५. "अरे, आठ मिलीमीटरचाच फरक! घरचीच माणसं ही!" तो भर फलाटावर ओरडला. स्पेनची टॅल्गो गाडी २०१६ साली दिल्ली-मुंबई मार्गावर चाचणीसाठी धावली होती, हेही त्याने शेजारच्या एका आजींना मराठीतून समजावलं. आजींनी त्याला ऑलिव्ह दिले. ते त्याला गप्प बसवण्यासाठी होते की कौतुकाचे, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

पुढे फ्रान्समध्ये कळलं की पास असला तरी बऱ्याच वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात.

"मग पास कशाचा? दारात लटकायचा?" सीए म्हणाला.

"तुला सवय आहे की," नाना म्हणाला.

त्यानंतर सीए एकाही वेगवान गाडीत चढला नाही, आणि खरं तर तिथून प्रवास सुरू झाला. नीसहून व्हेंतिमिलिया, व्हेंतिमिलियाहून जिनोव्हा, सगळं साध्या गाडीने. इटलीतल्या चिंक्वे तेरेच्या पट्ट्यात तर बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र. मोबाइल वर केला की नेमका बोगदा. तिथल्या पाच गावांपैकी चार पाण्याला लागून आहेत. आम्ही खोली घेतली ती पाचव्यात, कोर्नीलियात. ते कड्यावर बसलंय आणि स्टेशनापासून वर पावणेचारशेहून जास्त पायऱ्या आहेत. छोटी बसही आहे, पण ती पासात बसत नाही, असा निकाल सीएने दिला. दर रविवारी सिंहगड चढल्याच्या गोष्टी सांगणारा डॉक्टर वाटेत तीनदा 'निसर्ग बघायला' थांबला.

इटलीत आम्हाला संप भेटला. आपल्याकडे संप कोसळतो. तिथे तो आधी जाहीर होतो, कधी सुरू आणि कधी बंद तेही सांगितलेलं असतं. वर कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. गाडी उशिरा येईल, संप वेळेवर येतो. फलाटावर एकही इटालियन माणूस चिडलेला दिसला नाही. चिडलो होतो आम्हीच, आणि आम्हाला तर कुठे पोचायचंही नव्हतं.

पण या सगळ्या खटाटोपाचं मोल वसूल झालं ते मेसिनाच्या सामुद्रधुनीत. रोमहून रात्रीची गाडी सिसिलीला जाते आणि मध्ये समुद्र आहे. म्हणून विला सान जोव्हानीला गाडीचे तुकडे करतात आणि डब्यांसकट माणसं बोटीच्या पोटात ढकलतात. बोटीत रूळ असतात. पहाटे डॉक्टर जागा झाला तर खिडकीबाहेर लोखंडी भिंत. "आपण कुठल्या कारखान्यात शिरलोय?" त्याने विचारलं. नाना बूट न घालताच जिन्याने डेकवर पळाला होता.

समुद्र अगदी अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर. तिथे पूल बांधायच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालल्यात. नानाचा पुलाला कडाडून विरोध. "पूल झाला की गाडीला बोटीत कोण घालेल?" हा विरोध त्याने कॉफी देणाऱ्या माणसाला रीतसर कळवला. त्या माणसाने मान डोलावून तळलेल्या भाताचा एक गोळा पुढे केला. याला अरांचिनी म्हणतात, आत बहुधा खिमा असतो. शाकाहारी डॉक्टरसाठी पालकाचा निघाला. मग ज्याने वजनावरून ठेच्याला विरोध केला होता त्याच डॉक्टरने बरणी मागितली. नानाने ती लगेच दिली नाही.

सिराकुसाला पोचल्यावर सीएने कागद काढला. इटलीतल्या साध्या गाड्यांची तिकिटं इतकी स्वस्त असतात की आम्ही फिरलो तसं फिरणाऱ्याला पास महाग पडतो. तेव्हा वाचकहो, जरूर जा, रात्रीच्या गाडीनेच सिसिली गाठा, पण आधी सुट्ट्या तिकिटांची बेरीज करून बघा. आणि नाना कुठे भेटला तर या हिशेबाबद्दल कृपया अवाक्षर काढू नका. पुढच्या वर्षीचा पास तोच काढणार आहे.