यादीत पहिला, प्रवेशात शेवटचा

सरकारी कागदावर सुताराचा मान मोठा. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना गावच्या कारागिरांकडे धाडायचं ठरवलं. त्या कारागिरांत पहिलं नाव सुताराचं. माळी, कुंभार मागून. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय, तिथेही श्रीगणेशा सुतारापासूनच. आयटीआयचा अर्ज भरताना मात्र पोरांचं बोट इलेक्ट्रिशियन आणि फिटरवर जाऊन थांबतं. सुतारकामाला आठवी पास चालतं. ही सोय म्हणून ठेवली होती, तीच बदनामी झाली.

बरं, १० दिवसांत काय होतं? एक दिवस उद्घाटनाचा, एक समारोपाचा, एक फोटो अपलोड करण्याचा. उरलेल्या दिवसांत पोराला रंधा सरळ धरता आला तरी त्या सुताराला शाल-श्रीफळ द्यावं.

कपाट शिकायचं तर मध्ये पावसाळा यावा लागतो. मे महिन्यात लोण्यासारखा सरकणारा खण जुलैत असा रुततो की ओढताना मूठच हातात येते. लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, रुंदीला फुगतं. म्हणून जुन्या सागवानी कपाटाच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. घरात तसं कपाट असेल तर ऐन उन्हाळ्यात जवळ जाऊन बघा. फळी आक्रसून तिच्या कडेला पॉलिश न लागलेली बारीक रेघ उघडी पडलेली असते. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. हाताला कळायचं तर स्वतः केलेला खण स्वतःच्याच डोळ्यांदेखत अडकावा लागतो. आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. पहिला पाऊस करवत सरळ चालवण्यात सरतो आणि दुसरा येईतो पोरगं परीक्षेला बसलेलं असतं.

‘अहो, हल्ली सगळं प्लायवूड!’ मान्य. प्लायचे थर उभे-आडवे चिकटवलेले, ते फारसं हलत नाही. पण तिथे बिजागरीच्या वाटीचं ३५ मिलिमीटरचं भोक पाडायचं असतं. ते चार-पाच मिलिमीटर चुकलं की स्क्रू कितीही पिळा, दार शेजारच्या दाराच्या ओळीत येत नाही. मग त्याला ‘डिझायनर लूक’ म्हणायचं.

मधल्या काळात सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. २०२४ मध्ये राज्यातल्या काही आयटीआयना थोरांची नावं दिली. नव्या पाट्या लागल्या, बहुधा ॲक्रिलिकच्या.

आणि फ्लॅटचं काम काढलेले गृहस्थ? ‘आपली मुलं या धंद्यात येतच नाहीत हो’ असं म्हणत ते राजस्थान, उत्तर प्रदेशच्या मिस्त्रींना चहा पाजत असतात. ते मिस्त्री काका-मामाच्या हाताखाली, साइटवर भुशात झोपून, शिव्या खात शिकले. यांच्या चिरंजीवांना इंजिनीअरिंग मिळालं नाही तर बीसीए ठरलेलं आहे. सुतारकामाचं नाव काढून बघा, मातोश्री आतून पाणी मागवतील.

जर्मनीत हेच शिक्षण साधारण तीन वर्षांचं. पोरगं पगार घेत कारखान्यात राबतं, सोबत व्यवसायशाळेत जातं. शेवटच्या परीक्षेला स्वतः आराखडा काढून एक अख्खं फर्निचर उभं करायचं. खण उघडतो का, दार बसतं का, हे परीक्षक हाताने तपासतात. मग त्या वस्तूंची प्रदर्शनं भरतात आणि आईबाप नातेवाइकांना घेऊन मिरवायला जातात. आपल्याकडे पोरगं प्रमाणपत्र घरी आणतं. ते ठेवायला बाप मॉलमधून कपाट आणतो, हप्त्यावर.