घाटात अडकण्याचे प्राथमिक शिक्षण

गाडी काय, कोणीही चालवतो. स्वतःची थांबवून ठेवून मागच्या सगळ्यांचीही थांबवायची, याला मात्र साधना लागते. त्यासाठी महाबळेश्वरच्या वाटेसारखी शाळा नाही. प्रवेश सर्वांना खुला आहे, फक्त शनिवारी यावे.

पुण्याहून सकाळी आठला निघावे, कारण बाकीचेही तेव्हाच निघतात. पहाटे सहाला निघणारा विद्यार्थी नापास समजावा. तो नऊ-साडेनऊला वेण्णा तलावावर मक्याचे कणीस खात उभा असतो, पदरी अनुभव शून्य. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की आमची वाई लागते. आम्हा वाईकरांकडे बघून हात हलवू नका. आम्ही रस्ता ओलांडायला उभे आहोत, आणि बराच वेळ उभे आहोत.

आता पसरणीचा घाट, म्हणजे खरा वर्ग. नियम सांगतो की चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी. तो लक्षात ठेवून विसरावा. पुढे एसटी धापा टाकत चढत असेल तर वळण येईपर्यंत दम धरा आणि नेमके वळणावर नाक बाहेर काढा. समोरून टेम्पो आला की तुम्ही तिसरी रांग स्थापन केलीत. तुमच्या मागून दहा जण या रांगेत येतात. त्यांना वाटते, पुढे कोणाला तरी काहीतरी माहीत असणार.

माझ्या मावसभावाचा साखरपुडा भिलारला होता. मुलीकडचे वर, आम्ही नवरदेवासकट घाटात. अकराचा मुहूर्त. पावणेअकराला एका पांढऱ्या गाडीने वर सांगितलेला धडा तंतोतंत गिरवला. नवरदेवाने शेरवानीची वरची दोन बटणे सोडली, मावशीने पेढ्यांचा पुडा फोडला. वरून फोन आला, "कुठवर आलात?" काका म्हणाले, "मघाशी सांगितलं तिथंच." मागच्या एसटीतला कंडक्टर खाली उतरून निवांत तंबाखू मळत होता. त्याला विचारले, किती वेळ लागेल? त्याने दरीकडे बघितले आणि म्हणाला, "आज शनिवार ना!" दुसरे काही बोलायची त्याला गरज वाटली नाही.

दांडेघरचा नाका, पाचगणीची बाजारपेठ हे सोपे धडे आहेत, आपोआप होतात. गुरेघर-मेटगुताडच्या पट्ट्यात मात्र लक्ष द्यावे. स्ट्रॉबेरीची टोपली दिसताच करकचून ब्रेक दाबा. गाडी अशी लावा की दोन चाके मातीत, दोन डांबरावर. चारही इंडिकेटर लुकलुकायला लागले की तुम्ही उभे नसून 'फक्त दोन मिनिटं' असता, आणि दोन मिनिटांना कायदा लागू नाही. क्रीम खाऊन झाल्यावर गाडी तिथल्या तिथेच वळवा. दोन्हीकडची वाहतूक एकदम थांबवण्याची संधी नवशिक्याला सहसा मिळत नाही.

इथवर प्रवाशांचे झाले. पुढचा भाग ज्यांना गावाचे नियोजन करायचे आहे त्यांच्यासाठी.

प्रथम रस्ता एकच ठेवावा. आंबेनळी आणि केळघरचे घाट आहेत, पण पुण्याची गर्दी येणार पसरणीनेच. मग बघण्यासारखे सगळे त्या एका रस्त्याच्या कडेलाच असू द्यावे: तलाव, होड्यांची तिकिटे, घोडे, भजी. प्रवासी कराची पावतीही तिथेच, एकेक गाडी थांबवून, सुट्टे पैसे शोधत फाडावी. माल्कमसाहेबाने 1828 च्या सुमारास हे ठाणे वसवले ते उन्हाळ्यात येऊन महिना-दोन महिने मुक्काम ठोकणाऱ्यांसाठी. आता शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्यांना त्याच पेठेत कोंबायचे आहे.

ओरड झालीच तर रुंदीकरणाचे नाव काढावे. 2001 पासून हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील जाहीर आहे, डोंगर मनाला येईल तसा कापता येत नाही. तरी बोलायला हरकत नाही. जिथे रस्ता रुंद होईल तिथे वाढलेल्या रुंदीत आधी टपरी बसते, मग टपरीचे गिऱ्हाईक गाडी लावते. वाहतुकीला उरतो पूर्वीचाच पट्टा, फक्त त्यावर यायचा उत्साह वाढलेला.

गाड्या खालीच थांबवून वर बस सोडाव्यात, असे कोणी सुचवेल. त्याला माथेरान दाखवू नका. तिथे दस्तुरीला गाडी सोडून लोक चालत किंवा घोड्यावर जातात, आणि तरीही जातात. माथेरानने हा विषयच ऑप्शनला टाकला. आपल्याला शंभरपैकी शंभर हवेत.

नवरदेव शेवटी एका अनोळखी मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून वर गेला. पावणेएकला फोन आला, पोहोचलो म्हणून. अंगठीची डबी मावशीच्या पर्समध्ये होती, मावशी घाटातच, हॅरिसन फॉलीच्या खालच्या वळणावर.