डॉज, मामा आणि चौलचा रस्ता

मामाच्या १९५४च्या डॉज किंग्जवेतून अलिबागकडे निघालं की आपण प्रवासी उरत नाही, वरातीतले मानकरी होतो. भाऊच्या धक्क्यावर रो-रोत चढतानाच पहिला वारसदार भेटला. "आमच्या आजोबांकडे सेम हीच होती!" मामा विनयाने हसला. मामी पुटपुटली, "विकली ना? शहाणे होते."

गाडी अमेरिकन, हा मामाचा अभिमान. खरं तर नाव डॉजचं, अंग प्लिमथचं आणि सगळं जोडलं वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला. म्हणजे तशी मध्य रेल्वेवरचीच. त्याच साली जनरल मोटर्सने शिवडीतून गाशा गुंडाळला. पुढे परदेशी गाडी आणणं दुरापास्त झालं आणि आहे तीच जपायची पाळी आली. मुंबईत कित्येकांनी या गाड्यांना डिझेल इंजिन बसवून टॅक्स्या केल्या. आजोबांनी तेवढं केलं नाही. पेट्रोलचा खर्च त्यांनी वारसाहक्काने मामाला दिला.

मांडवा ते अलिबाग छान गेलं. डिकीत पांढऱ्या कांद्याच्या माळा पडल्या, तरी डिकी रिकामीच दिसत होती. नागाव सुटलं, दुतर्फा वाड्या आणि मधून जेमतेम रस्ता. चौलच्या अलीकडे एप्रिलच्या उन्हाने पेट्रोलची नळीतच वाफ झाली आणि गाडी बसली. मामाने मामीचा नवा नॅपकिन भिजवून पंपावर गुंडाळला. "पाच मिनिटं फक्त."

पाच मिनिटांत बॉनेटभोवती अर्धा गाव. एकाने हॉर्न वाजवून पाहिला. एकाने पुढच्या सलग सीटवर तीन नातवंडं ओळीने बसवून फोटो काढला. एका कोळणीने टोपली थेट डिकीजवळ ठेवली. "केवरी मोठी गारी हाय गो, बाय! मना रेवदंड्याला सोरा."

तेवढ्यात समोरून एसटी. ड्रायव्हर तावातावाने उतरला, बॉनेटमध्ये डोकावला आणि एकदम मवाळ झाला. "वडील मुंबईला डॉज टॅक्सी चालवायचे. सरका. चोकला हात लावू नका." तो स्टिअरिंगवर बसला, कंडक्टर घंटी बडवत राहिला, आणि गाडी चक्क सुरू झाली. आता तो उतरेना. गिअर चाचपत, आरसा फिरवत बसला.

मामीने पर्स उचलली. "दादा, तुम्हीच न्या ही. आम्ही एसटीने जातो."

"बाई, ही अलिबागला चाललीय. उलटी," कंडक्टर म्हणाला.

"चालेल."