मेथीची जुडी

आठ मार्चला आमच्या ऑफिसात प्रत्येक बाईला एक गुलाब आणि एक पेन मिळतं. साहेब भाषणात स्त्रीला आदिशक्ती म्हणतात आणि भाषण संपलं की त्याच आदिशक्ती चहाचे कप गोळा करतात. तोवर कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामेसासूबाईंकडून दुर्गा, जिजाऊ आणि झाशीची राणी येऊन थडकलेल्या असतात. एवढ्या सगळ्या जणी पाठीशी असूनही घरी गेल्यावर कुकर मलाच घासावा लागतो.

या घाऊक कौतुकाने मला कधी हुरूप आलेला नाही. हुरूप मिळतो किरकोळीत, आणि तोही भलत्याच दुकानात.

नवऱ्याचंच घ्या. ज्या घराण्यातून हे गृहस्थ आले, तिथे आमटीला नावं ठेवली नाहीत म्हणजे ताम्रपट दिला असं समजतात. नवी नवरी असताना मी हौसेने विचारायची, "कशी झालीय?" त्यावर घाबरंघुबरं उत्तर यायचं, "का? काय झालं?" तिसऱ्यांदा भात मागणं हाच यांचा अभिप्राय, हे कळायला बराच संसार करावा लागला. एकदा पावसात गाड्या बंद पडल्या आणि मी रात्री उशिरा, चिखलात माखून घरी पोचले. मुलं झोपली होती. टेबलावर खिचडी झाकून ठेवलेली, वर भाजलेला पापड. उचलून पाहिला तर खालून कोळसा! काळी बाजू खाली घालून, चांगली तेवढी वर करून ठेवली होती. सप्तपदीच्या वेळी होमाच्या धुराने मला काहीच दिसलं नव्हतं. त्या पापडात मात्र अख्खा माणूस दिसला.

लेकीने शाळेत 'माझी आई' हा निबंध लिहिला. "माझी आई फार कष्टाळू आहे. ती सारखी ओरडते. ती गाडीत मटार सोलते. मला अंतराळवीर व्हायचे आहे. तेव्हा पण डबा आईनेच द्यावा." बाईंनी शुद्धलेखनाचे गुण कापले. मी तो कागद पर्समध्ये ठेवलाय, पासच्या मागे.

पण खरा धीर मिळतो तो डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत, लेडीज डब्यात. तिघींच्या बाकावर चौथी टेकणार, हा इथला अलिखित कायदा. "सरक गं जरा" एवढंच म्हणायचं. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी लेडीज स्पेशल सुरू केली. आम्हाला एक डबा मिळाला तरी पुरतो. त्यात नवरात्राचे नऊ रंग होतात, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवणसुद्धा होतं. तान्ह्याला पाळणाघरात सोडून पहिल्यांदाच कामावर निघालेली एक पोर घाटकोपरपर्यंत मुसमुसत होती. "तू किती ग्रेट आहेस" असं कुणीही म्हटलं नाही. एकीने रुमाल दिला. समोरच्या काकू म्हणाल्या, "माझा तर वर्षभर रडायचा. आता इंजिनिअरिंगला आहे, फोन उचलत नाही." पोर हसली आणि दादरला नीट उतरली.

आमच्यातली एक जण, दोन मुलांची आई, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने कितीतरी बायकांची अर्धवट राहिलेली शिक्षणं पुरी करून दिली आहेत. पण अभ्यासाला वेळ कोण देणार? तिला तो ठाणे ते दादर मिळायचा, चौथ्या सीटवर, गुडघ्यावर पुस्तक ठेवून. परीक्षा जवळ आली तसा अख्खा डबा तिची उजळणी घ्यायला लागला. मागणी आणि पुरवठा आता आम्हा सगळ्यांनाच पाठ आहे.

मला अशा वेळी रमाबाई रानडे आठवतात. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे रात्री शिकवायचे आणि घरातल्या बायका दिवसा टोमणे मारायच्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात त्यांनीच हे सांगून ठेवलंय. सगळे न्यायमूर्तींचं कौतुक करतात, मीही करते. पण मला वाटतं, "वाच तू, मी भाजी निवडते" म्हणणारी एखादी बाई त्या घरात असती, तर रमाबाईंचे निम्मे कष्ट वाचले असते.

आमच्या डब्यात ती होती. एक नाही, चांगल्या पाच-सहा. परीक्षेच्या आठवड्यात संध्याकाळच्या गाडीत त्या आमच्या बी.ए.वालीच्या पिशवीतली मेथीची जुडी न विचारता काढून घ्यायच्या. मांडीवर वर्तमानपत्र पसरून पानं खुडायची, काड्या वेगळ्या, पिवळी पानं वेगळी. डोंबिवली यायच्या आत निवडलेली भाजी पिशवीत परत. हिने पुस्तकातून मान वर काढायची नाही, काढली तर काकू दटावायच्या.

ती पास झाली. अर्थशास्त्रात काठावर, पण झाली. पेढे गाडीतच वाटले आणि आता एम.ए.ला नाव घातलंय. शिवाय तिचं बघून आणखी दोघींनी फॉर्म आणलेत, त्यामुळे भाजी निवडायला आमच्याकडे हात कमी पडतायत. डोंबिवलीच्या बाजूच्या असाल तर या. बसायला चौथी सीट मिळेल.